मदत हवी आहे : 'फ्युचरामा'मधल्या सीमोरची बारा वर्षे जुळतात का?

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी सांगलीत, विश्रामबागच्या आमच्या घरी, भडंगाची वाटी मध्ये ठेवून मी आणि माझी भाची 'फ्युचरामा' ही अमेरिकन ॲनिमेशन मालिका पाहत होतो, आणि तेव्हापासून एका मुद्द्यावर आमचे एकमत होत नाही.

२००२ च्या 'जुरासिक बार्क' या भागाच्या शेवटी, मालिकेचा नायक फ्राय गोठून हजार वर्षे पुढच्या काळात गेल्यावर, त्याचा कुत्रा सीमोर पिझ्झाच्या दुकानासमोर बारा वर्षे धन्याची वाट पाहतो. ऋतू बदलतात, दुकानदार म्हातारा होतो आणि अखेर सीमोर फुटपाथवर अंग टाकून हळूच डोळे मिटतो. तो प्रसंग मला आजही पाहवत नाही. २००७ च्या 'बेंडर्स बिग स्कोअर' या मालिकेवरच्या चित्रपटात मात्र काळात मागे गेलेला फ्राय त्याच दुकानाच्या वर राहतो आणि सीमोर त्याच्याजवळ असतो.

भाची याला सरळ चूक म्हणते. मला तसे वाटत नाही, कारण पहिल्याच भागात टेबलाखाली दिसलेल्या निबलर या छोट्या परग्रहवासी प्राण्याच्या सावलीचा उलगडा ज्यांनी २००३ मध्ये केला, त्यांच्या नजरेतून एवढी मोठी गोष्ट सुटेल हे पटत नाही. शिवाय काळात मागे गेलेला हा फ्राय मध्यंतरी नारव्हाल या लांब सुळ्याच्या देवमाशाच्या शोधात समुद्रावर जातो. सीमोरची प्रतीक्षा त्या काळातली मानता येईल का? पण मग दुकानासमोरचे ते शेवटचे डोळे मिटणे कुठे बसवायचे? ज्यांनी दोन्ही बारकाईने पाहिले आहे, त्यांनी कृपया प्रसंगाच्या आधारासह सांगावे.