लांब पल्ल्याच्या धावेत ध्वनिमुद्रणे ऐकायची असतील तर फोन ठेवावा कुठे आणि कान मोकळे ठेवावेत कसे?

बोरीकाठ (अमळनेर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी अमळनेरला शाळेत मराठी शिकवतो आणि गेल्या दीड वर्षापासून नियमित धावतो. येत्या हिवाळ्यात २१.१ किलोमीटरची शर्यत पूर्ण करण्याचा विचार आहे, त्यामुळे रविवारची लांब धाव आता १४-१५ किलोमीटरवर आली आहे आणि तिला सुमारे पावणेदोन तास लागतात.

हा वेळ मला एका कामासाठी वापरायचा आहे. मागच्या काही श्रावणांत मी आमच्या आत्या आणि गल्लीतल्या वयस्कर बायकांकडून कानबाईची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतल्या. त्या अजून नीट ऐकून उतरवायच्या राहिल्या आहेत. धावताना ऐकाव्यात असे ठरवले, पण तीन अडचणी आल्या. पहिली म्हणजे, दंडाला बांधायच्या पट्ट्यात फोन ठेवला की चौथ्या-पाचव्या किलोमीटरला घामाने पट्टा मनगटाकडे घसरू लागतो, आणि आवळून बांधला तर बोटांना मुंग्या येतात. दुसरी अडचण इअरबड्सची. ते कानात घट्ट बसवले की माझ्याच पावलांचा धप्प-धप्प आवाज डोक्यात घुमतो, आणि सैल ठेवले तर डावा हमखास पडतो. एकदा तो कपाशीच्या शेताच्या बांधावर अर्धा तास शोधत बसलो होतो. तिसरी अडचण मला जास्त काळजीची वाटते. अहिराणीत ‘काळा’चा ‘काया’ होतो, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, आणि असे बारीक उच्चार टिपायचे म्हणून मी आवाज वाढवत जातो. मागच्या रविवारी पारोळा रस्त्यावर मागून आलेला ट्रॅक्टर मला तो शेजारी येईपर्यंत कळला नाही, आणि ट्रॅक्टर ही काही चोरपावलांनी येणारी वस्तू नव्हे.

कानाच्या हाडातून ऐकू येणारे हेडफोन घ्यावेत का? आणि फोन नेमका कुठे ठेवावा? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पांझराकाठ (धुळे)

सर, आपण तिन्ही अडचणी वेगवेगळ्या मांडल्या असल्या तरी मला त्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात, म्हणून फोनच्या जागेपासून सुरुवात करतो. आजचा साधारण फोन २०० ग्रॅमच्या आसपास असतो. तेवढे वजन एकाच दंडावर लटकवले की दोन हातांचा झोका सारखा राहत नाही, आणि हे पावणेदोन तास चालले की खांदा आखडतो. फोन हातात धरून धावणाऱ्यांचेही तेच होते, कारण मूठ आवळलेली राहते. वजन शरीराच्या मधल्या रेषेवर, म्हणजे कमरेच्या मागे मणक्याच्या खालच्या भागावर ठेवले तर ते जवळजवळ जाणवत नाही. मागे मधोमध चेनचा खिसा असलेली धावण्याची चड्डी मिळते, पण मी स्वतः गेली चार वर्षे आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घेतलेला पट्टा वापरतो. चार बोटे रुंद इलॅस्टिकची दुहेरी पट्टी असते, तिच्यात फोन आडवा जाईल एवढी फट ठेवायची आणि फटीवर कापडाची झडप द्यायची. पट्टा बेंबीवर न बांधता करदोडा जिथे असतो तिथे, कमरेच्या हाडावर बांधावा. फोन उड्या मारतो तो वजनामुळे नव्हे, तर खिशात उरलेल्या मोकळ्या जागेमुळे. म्हणून फोन सोबत नेऊनच माप द्यावे आणि कव्हर काढून ठेवण्याची सवय लावावी.

आता पावलांच्या धप्प-धप्प आवाजाविषयी. कानाची वाट रबरी बोंडाने बंद झाली की शरीरातून हाडांमार्फत आलेला आवाज बाहेर निसटू शकत नाही आणि तो आतच मोठा होऊन ऐकू येतो. कानात बोटे घालून घरातल्या घरात जागच्या जागी पावले आपटून पाहिलीत तर हेच अनुभवाला येईल. म्हणजे तो आपल्या इअरबड्सचा दोष नाही, कोणत्याही कंपनीचे घट्ट बसणारे इअरबड्स घेतले तरी असेच होणार.

हाडातून ऐकवणारे हेडफोन कानाच्या पुढे गालफडाच्या हाडावर टेकतात आणि कंपने थेट आतल्या कानापर्यंत पोहोचवतात, त्यामुळे कानाची वाट उघडी राहते. सुरक्षिततेसाठी ते चांगलेच आहेत. ब्रिटनमध्ये रहदारी पूर्ण बंद नसलेल्या रस्त्यांवरच्या शर्यतींत २०१६ पासून कानात घालायच्या हेडफोनना मनाई झाली, पण हाडाच्या हेडफोनना सूट मिळाली, ती याच कारणाने. मात्र आपल्या कामासाठी त्यांची एक मर्यादा आहे. कान उघडा म्हणजे वारा आणि रहदारीही उघडी. शिवारातल्या शांत रस्त्यावर त्यांतून बोलणे उत्तम कळते, पण हमरस्त्यावर ट्रकची रांग लागली की शब्द हरवतात. तिथे आवाज वाढवला तर गालफडावर गुदगुल्या होतात आणि तरीही ‘काळा’ की ‘काया’ हे कळत नाही. ‘हाडातून येतो म्हणून हा आवाज कानाला अपाय करत नाही’ असे दुकानदार सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नये. शेवटी आवाज आतल्या त्याच गोगलगायीच्या आकाराच्या अवयवात पोहोचतो, आणि अति आवाजाने इजा होते ती तिथल्याच पेशींना.

आवाजाच्या मर्यादेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित मानला जातो, आणि त्यापुढे दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० आणि ८९ ला ५. आपली रविवारची धाव पावणेदोन तासांची असली तरी आठवड्यातल्या बाकीच्या धावा, प्रवास आणि लग्नसराईतला डीजे यांतच मोजायचे असतात.

मेहरूण पहाट (जळगाव)

मी पहाटे पाच वाजता मेहरूण तलावाभोवती धावते आणि सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर जाते. एकट्या बाईने पहाटे दोन्ही कान बंद करून धावावे असे मी कोणालाही सांगणार नाही. मी एकाच कानात इअरबड घालते. कोणत्या कानात, हे मात्र ठरलेले आहे. पदपथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून जावे हा नियम धावणाऱ्यालाही लागू आहे. उजव्या कडेला धावले की सगळी रहदारी आपल्या डाव्या हाताला राहते. म्हणून इअरबड उजव्या कानात आणि डावा कान मोकळा. सर, आपल्याला ट्रॅक्टर मागून आला याचा अर्थ आपण डाव्या कडेने धावत होता, ते आधी बदलावे.

दुसरे, एकच कान वापरायचा तर फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करावे. नाहीतर दोन बाजूंना विभागलेल्या ध्वनिमुद्रणातला अर्धा भाग ऐकूच येत नाही. मला हे समजायला सहा महिने लागले आणि तोपर्यंत मी एका गाण्यातला तबला कधी ऐकलाच नव्हता.

पांझराकाठ (धुळे)

ताईंचा उजव्या कडेचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि तो माझ्या उत्तरात आधी यायला हवा होता. एका कानाबद्दल मात्र थोडी असहमती नोंदवतो. आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन्ही कानांत पडणाऱ्या अगदी सूक्ष्म वेळेच्या आणि तीव्रतेच्या फरकावरून ठरवतो. एक कान भरलेला असेल तर वाहन आहे एवढे कळते, ते नेमके कुठे आहे हे पटकन कळत नाही. आणि आपल्याकडे उजव्या कडेने धावले तरी उलट्या बाजूने येणारे दुचाकीस्वार मागून गाठतातच! तलावाभोवती एक कान पुरेल, रस्त्यावर दोन्ही कान उघडे असलेले मला अधिक बरे वाटतात.

मेहरूण पहाट (जळगाव)

मान्य आहे, आणि त्यात बॅटरीवरच्या रिक्षा व स्कूटर यांची भर घाला, कारण त्या अंगावर येईपर्यंत आवाजच करत नाहीत. पण हाडाच्या हेडफोनची किंमत साध्या इअरबड्सच्या कित्येक पट असते. ज्याला ती परवडत नाही त्याने निदान एक कान मोकळा ठेवावा, एवढेच माझे म्हणणे होते.

दुरुस्तीवाला (भुसावळ)

माझे फोन दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून वस्तू टिकवण्याबद्दल लिहितो. मी स्वतः धावत नाही, पण धावणाऱ्यांचे फोन पुष्कळ उघडतो.

गिऱ्हाईक म्हणते की पावसात भिजला, आणि आत पाहावे तर चार्जिंगच्या जागेवर हिरवट-पांढरा थर बसलेला असतो. तो घामाचा असतो. घामात मीठ असते आणि मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे ओलसर जोडणीला तसाच चार्जर लावला की धातू गंजायला लागतो. धावून आल्यावर फडके साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळावे, त्याने फोन आणि इअरबड्स पुसावेत, कोरडे होऊ द्यावेत आणि मगच चार्जिंगला लावावेत. इअरबड्सही ओले असताना डबीत ठेवू नयेत, कारण डबीत ठेवले की त्यांचे चार्जिंग सुरू होते. ‘एका कानाचा आवाज गेला’ म्हणून येणाऱ्यांपैकी कित्येकांच्या इअरबडच्या जाळीत फक्त कानातला मळ अडकलेला असतो. कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून, तो काढावा. टाचणी घालू नये.

खरेदी करताना डब्यावरचा आयपी क्रमांक वाचावा. त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असतो. ‘आयपीएक्स ४’ म्हणजे उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण आहे, पण धुळीच्या जागी ‘एक्स’ आहे, म्हणजे धुळीबद्दल कंपनी काहीच सांगत नाही. आपल्या काळ्या मातीच्या शिवाररस्त्यांवर धावणाऱ्याने ‘आयपी ५५’ किंवा त्याहून वरचे पाहावे. ‘आयपी ६७’ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारे, पण ही चाचणी गोड्या पाण्याची असते, घामाची नव्हे.

उन्हाळ्याबद्दलही सांगतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. आयफोनची कंपनी तो ० ते ३५ अंशांत वापरावा असे सांगते, आणि इतर फोनच्या बॅटऱ्याही काही वेगळ्या मातीच्या नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाठीला चिकटवलेला फोन शरीराच्या उष्णतेने आणखी तापतो. पिशवी पावसाळ्यात जरूर वापरा, उन्हाळ्यात नको. तेव्हा फोन पातळ सुती रुमालात गुंडाळून पट्ट्यात ठेवला तर घामही शोषला जातो.

आणखी एक गोष्ट, मोकळ्या शेतात ब्लूटूथ तुटक होते अशी तक्रार अनेकजण करतात आणि हेडफोन बदलून मागतात. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाचे शरीर बहुतांशी पाणीच आहे. घरात भिंतींवरून परावर्तित होऊन लहरी पोहोचतात, शिवारात भिंतच नसते. म्हणून फोन डाव्या मागच्या खिशात आणि मुख्य इअरबड उजव्या कानात असेल तर आवाज तुटतो. फोन त्याच बाजूला आणावा, पैसे वाचतात.

निवृत्त रेल्वेमन (धुळे)

मी साधा बटणांचा फोन आणि वायरचा इअरफोन वापरतो. धुळ्याचे आकाशवाणी केंद्र एफएमवर लागते, त्यासाठी बहुतेक फोनमध्ये वायर लागतेच, कारण तीच अँटेनाचे काम करते. वायर बनियनच्या आतून पाठीवर घेऊन मानेजवळ बाहेर काढावी म्हणजे हाताला अडकत नाही. फोन हलका, बॅटरी आठवडाभर, आणि पडला तर हळहळ नाही.

मैदान नंदुरबार

भरतीची तयारी करणारी मुले हे वाचत असतील म्हणून थोडक्यात लिहितो. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि तिथे कानात काहीही चालत नाही. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांतही स्पर्धेच्या जागेत फोन, रेडिओ यांसारखी साधने वापरणे ही बेकायदा मदत धरली जाते. गाण्याच्या ठेक्यावर पावले टाकायची सवय लागलेली मुले ठेका काढून घेतला की पहिल्याच फेरीत वेग चुकवतात, हे मी मैदानावर दरवर्षी पाहतो. संगीताचा उपयोग सावकाश धावेत आहे. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कॉस्टास कारागेऑर्गिस यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे आणि त्यांचेही निष्कर्ष असेच आहेत, की मध्यम श्रमात संगीतामुळे थकवा कमी जाणवतो, पण श्रम फार वाढले की शरीराची हाक संगीताला दाबून टाकते. म्हणून वेगाच्या सरावाला कान रिकामे ठेवा.

सर, आपल्या ओव्यांची लय मात्र जात्याच्या फेऱ्याची आहे. मिनिटाला १६०-१७० पावलांशी ती जुळणार नाही, तेव्हा ती जुळवण्याच्या नादात पावले लांब टाकू नका, गुडघे दुखतील.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. काय केले ते कळवतो.

शिंप्याकडून पट्टा शिवून घेतला. पहिला पट्टा मी कव्हरसकट फोनचे माप देऊन शिवला होता, त्यामुळे तो उसवून पुन्हा शिवावा लागला. पांझराकाठ यांनी बजावूनही मी ही चूक केली. आता फोन हलत नाही. एका सहकाऱ्याकडून हाडाचे हेडफोन दोन आठवड्यांसाठी मागून आणले आहेत आणि मी आता उजव्या कडेने धावतो. गाव सोडल्यापासून शिवाररस्ता संपेपर्यंत ध्वनिमुद्रण चालू ठेवतो आणि पारोळा रस्त्याला लागण्यापूर्वी ते बंद करतो.

उच्चार टिपण्याचा हट्ट मात्र सोडला. धावताना फक्त ऐकायचे, आणि जिथे शंका येईल तिथे घड्याळात फेरीचे बटण दाबून वेळेची खूण करायची, असे चालू केले आहे. घरी येऊन त्या जागा शांतपणे पुन्हा ऐकतो. मागच्या रविवारी अशा अकरा खुणा झाल्या. त्यांपैकी चार ठिकाणी शब्द नसून आत्याचा खोकला निघाला.

दुरुस्तीवाले भाऊ, एकच विचारायचे आहे. इलॅस्टिकचा पट्टा घामाने ताठर होतो, तो रोज साबणाने धुतला तर लवकर सैल पडेल का?

दुरुस्तीवाला (भुसावळ)

ते शिंप्याला विचारा, सर. माझ्या माहितीप्रमाणे साध्या गार पाण्यात खळबळून सावलीत वाळवला तर टिकतो. पण त्यात फोन राहू देऊन धुऊ नका. मागच्या महिन्यात तसे एक गिऱ्हाईक आले होते.