व्हेनिसच्या घराण्यांनी व्हेनिस तारलं की बुडवलं?

भरतीओहोटी:
व्हेनिसच्या उमराव घराण्यांचं 'स्थिर राज्य' म्हणून फार कौतुक होतं, ते मला खटकतं. शहर वर आलं ते 'कोलेगांत्सा' करारांवर. एकाने घरी बसून भांडवल घालायचं, दुसऱ्याने जहाजावर जायचं. जाणाऱ्याच्या खिशात दमडी नसली तरी नफ्याचा चौथा हिस्सा त्याचा. अशी फाटकी पोरं सफरी करून गबर झाली, राज्य चालवणाऱ्या महासभेत बसू लागली. १२९७ मध्ये जुन्यांनी दार लावून घेतलं, तीच 'सेर्राता'. पुढे सभासदत्व वंशपरंपरेने. १५०६ पासून तर उमरावांघरच्या जन्मांची सरकारी वही. तिच्यात नाव नाही त्याला सभेची पायरी बंद. दर्यावर जगणाऱ्या गावाने असं करावं, याचा मला खरंच राग येतो.

काळाकातळ:
अजिबात पटलं नाही. सेर्रातानंतर सभा आक्रसली नाही, काही वर्षांत हजारावर गेली. जेनोआविरुद्धच्या किओज्जाच्या युद्धात मदत केलेली ३० घराणी १३८१ मध्ये आत घेतली. आणि दोजची, म्हणजे राज्याच्या प्रमुखाची, निवडणूक बघा! १२६८ पासून आलटून पालटून सोडत आणि मतदान: ३० चे ९, ९ चे ४०, ४० चे १२, असं करत शेवटी ४१ जण. त्यांतली २५ मतं मिळाली तर दोज. सोडतीच्या गोळ्या काढायला चौकातून आणलेला पोरगा. वशिला लावायचा तरी कुठे? मारीनो फालिएरो या दोजने सत्ता बळकवायचा कट केला, तर १३५५ मध्ये त्याचंच मुंडकं उडवलं. सभागृहात दोजांच्या चित्रांची ओळ आहे, तिथे त्याच्या जागी काळं कापड रंगवलंय. फ्लोरेन्समध्ये मेदिची घराण्यातले लोक वंशपरंपरेने ड्यूक होऊन बसले. इथे एकाही घराण्याला ते जमलं नाही.

भरतीओहोटी:
एकमेकांवर पहारा होता, मान्य. बाहेरच्यांचं काय? ती ३० घराणी आत आली ती शत्रू खाडीच्या तोंडाशी आल्यावर. १६४६ पासून तुर्कांशी चाललेल्या क्रीटच्या युद्धासाठी उमरावपद एक लाख डुकाटला विकलं. म्हणजे दार उघडायचं ते तिजोरी रिकामी झाल्यावरच.

सुईदोरा:
मला सान बार्नाबा वस्तीतले गरीब उमराव आठवतात. वहीत नाव, घरात चूल थंड. सरकारने दिलेल्या जागेत राहायचे आणि सभेतलं मत विकून पोट भरायचे. कुळाने हक्क दिला, धंदा दिला नाही. काळाकातळ, तुमच्या पहाऱ्यात ही माणसं कुठे बसतात?

काळाकातळ:
सुईदोरा, तुमचा मुद्दा लागला. तरी १२९७ ते १७९७, पाचशे वर्षं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत.

भरतीओहोटी:
१२ मे १७९७ ला नेपोलियनच्या धाकाने महासभेने स्वतःलाच बरखास्त केलं. गणपूर्तीला ६०० जण हवे होते. तेवढेही आले नव्हते.