गूढ शब्दकोडं: आडवा ७ सुटत नाहीये, हिंट द्या

प्रश्न:
साधी शब्दकोडी चुटकीसरशी सुटायला लागली म्हणून गूढ कोड्यांच्या नादी लागलो आणि पार गंडलोय. आडवा ७ असा आहे: "सज्जनामागे गाडी लावून बसला व्याजखोर (४)". कर्ज, थकलेले हप्ते, गाडी ओढून नेणारे वसुलीवाले, सगळं डोक्यात येऊन गेलं. पहिलं अक्षर 'सा' एवढंच मिळालंय. उत्तर नको, हिंट द्या.

प्रतिसाद १:
तुम्ही त्यातली गोष्ट वाचताय ना, तिथंच फसताय, गोष्ट हा चकवा असतो. सरळ अर्थ शोधसूत्राच्या एका टोकाला असतो, सुरुवातीला नाहीतर शेवटी, आणि उरलेल्या शब्दांतून तोच शब्द परत जुळवायचा. इथे अर्थ व्याजखोर. मग उरले सज्जन आणि गाडी. जो चोर नसतो तो कोण? आणि गाडीला रोज बोलताना काय म्हणता?
अजून एक बघा: "नवरा गरम, पोटात दडलेला संताप (२)". अक्षरांवर बोट ठेवून वाचा, न-व-रा-ग-र-म, मधोमध 'राग' बसलाय :) पोटात, उलटला, विस्कटलं असले शब्द दिसले की कान टवकारायचे.

प्रतिसाद २:
शोधसूत्र छान आहे पण 'बसला' फुकटचा आहे. १९३९ पासून 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश वृत्तपत्रात कोडी देणाऱ्या झिमेनीझचा दंडक होता की नेमका अर्थ, शब्दखेळाची प्रामाणिक खूण आणि बाकी काही नाही. (त्याच्या आधीचा टॉर्केमाडा. दोघांची टोपणनावं स्पॅनिश धर्मन्यायाधीशांची, म्हणजे छळायचं ठरवूनच बसलेले.)

प्रतिसाद ३:
तेवढं चालतं हो, वाक्य बोलल्यासारखं वाटायला नको का. माझा खरा वैताग काना-मात्रांचा आहे. "रवा उलटला की बसतो घाव (२)" याचं उत्तर वार, वा अख्खा उचलून पुढे आणला की झालं. पण काही जण काना सुटा करून दुसऱ्या अक्षराला चिकटवतात, मग त्याच रव्याचा राव पण होतो! माझ्या मते अक्षर काना-मात्रेसकटच हलवायचं, नाहीतर आधी सांगून ठेवायचं.

प्रश्नकर्ता:
साव + कार!! आणि मी अर्धा तास वसुलीवाल्यांच्या मागे पळतोय. आता उभा ३: "कमल विस्कटलं, लिहू कशाने? (३)". थांबा, विस्कटलं म्हणजे... सुटलं, कलम.