रीएनॅक्टर्सच्या (जुन्या काळाचा वेश करून तो काळ उभा करणाऱ्यांच्या) मेळाव्याला पहिल्यांदाच चाललोय, आधी काय घेऊ? (बजेट खरंच कमी आहे)

ढापण्या
नमस्कार मंडळी. तीन दिवसांचा मेळावा आहे, एकाच मैदानावर रोमनांपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सगळे, रात्री तंबूत मुक्काम आणि दुकानं, व्याख्यानं वगैरे शेजारच्या मोठ्या हॉलमध्ये. आजवर दोनदा प्रेक्षक म्हणून गेलोय, यंदा मित्राच्या ग्रुपने आत घेतलंय. ग्रुप मिश्र आहे, कुठलाही काळ चालेल म्हणतात आणि तिथेच माझी गोची झालीये. मन रोमन सैनिकावर आहे. बजेट म्हणाल तर एका सेकंडहँड सायकलीत जेवढं येईल तेवढं, वर एक दमडी नाही, कृपया हे वाक्य वाचूनच उत्तर द्या. शिवाय चष्मा आहे, मायनस साडेसहा, काढला तर समोर माणूस उभा आहे की तंबूचा खांब ते कळत नाही. तर आधी कपडे घेऊ, बूट घेऊ की हेल्मेट? आणि चष्मेवाले लोक तिथे काय करतात?

लोखंडी_चणे
रोमनच करा पण करायचं तर नीट करा राव. माझं सांगतो, पहिलं कड्यांचं चिलखत स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं, त्यात कड्या नुसत्या वाकवून टोकाला टोक लावलेल्या, रिवेट (जोडखिळे) नाहीत. दुपारपर्यंत काखेत भोक पडलं आणि मी जिथे जाईन तिथे मागे कड्या सांडत गेलो, संध्याकाळी दोन पोरं मूठभर गोळा करून घेऊन आली, "काका, तुमचं सांडलंय." त्यानंतर रिवेट मारलेलं घेतलं, ११ किलो भरतं, सहा वर्षांत एक कडी हललेली नाही. किंमत विचारू नका, बायकोलाही अजून माहीत नाही. एक टिप फुकट देतो, कंबरेला पट्टा करकचून आवळा आणि वरचं चिलखत थोडं ओढून पट्ट्यावर झुलतं सोडा, बरंचसं वजन खांद्यावरून कंबरेवर उतरतं. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

ढापण्या
काका, सायकल. सेकंडहँड.

लोखंडी_चणे
अहो मग दोन वर्षं थांबा ना. स्वस्तातलं घ्याल तर दोनदा घ्याल.

भटकभवानी
आधी तंबू घ्या! कपड्यांचं काय एवढं, रात्री झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी रोमन काय आणि नेपोलियन काय, सगळे सारखेच किरकिरतात. माझा आता सुती कॅनव्हासचा आहे, आत ताठ उभं राहता येतं, खांब लाकडी. पहिल्या वर्षी मात्र भाड्याच्या तंबूत पाऊस चालू असताना झोपेत पाठ कापडाला टेकली, आणि सुती कॅनव्हासची गंमत अशी की ओला असताना आतून टेकलात की नेमकं तिथूनच पाणी झिरपायला लागतं. सकाळी अंथरूण पिळून काढलं. त्यामुळे तंबूत मधोमध झोपा, सामानही कडेला टेकवू नका.

ढापण्या
ताई, तंबू ग्रुपचा आहे. मधोमध झोपायचं लक्षात ठेवतो.

जुनं_खोड
पावसावरून आठवलं. १८३९ साली स्कॉटलंडमध्ये एग्लिंटनच्या अर्लने मध्ययुगीन सरदारांचा सामना भरवला होता, खरे उमराव, खरी चिलखतं, घोडे, आणि बघायला लाखभर माणूस. मिरवणूक निघाली आणि जो धो धो पाऊस सुरू झाला तो थांबेचना, मैदानाचा चिखल. चिलखत घातलेल्या लोकांच्या डोक्यावर छत्र्या. म्हणजे आपल्या छंदाची परंपरा पहिल्यापासून चिखलाचीच आहे. तेव्हा बुटांचा आणखी एक जोड न्या, कुठल्याही काळाचा असो.

कालखंड_पोलीस
लोखंडी_चणे यांना +१, स्वस्तातलं नकोच. चष्म्याचं म्हणाल तर लेन्स लावा, विषय संपला. कुठल्याही स्वाभिमानी ग्रुपमध्ये प्लास्टिकच्या फ्रेमचा रोमन उभा करत नाहीत. मी तर मागच्या वेळी एकाला झगझगीत जांभळा अंगरखा घालून अकराव्या शतकाच्या तळावर फिरताना पाहिलं, त्याला म्हटलं बाबा, हा कृत्रिम रंग पर्किन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५६ साली अपघाताने शोधला, तू आठशे वर्षं लवकर आलायस.

भटकभवानी
आणि त्याने काय उत्तर दिलं? की मनातच म्हटलंत? हलके घ्या.

लेन्सबद्दल मात्र सपशेल नाही. तीन दिवस शेकोटीचा धूर, काजळलेले हात आणि पाणी लांब. मी एकदा लावल्या होत्या, दुसऱ्या रात्री एक लेन्स काढताना खाली पडली ती गवतातच राहिली आणि तिसरा दिवस मी एका डोळ्याने काढला.

जुनं_खोड
चष्म्याचं उत्तर काळातच आहे. इटलीत तेराव्या शतकाच्या शेवटी चष्मे आले, पण त्याला कानावरच्या दांड्या नव्हत्या, दोन भिंगं खिळ्याने जोडायची आणि नाकावर चिमटायची. त्रेव्हीझोमध्ये १३५२ चं भित्तिचित्र आहे त्यात एक कार्डिनल (बडा धर्मगुरू) असाच चष्मा लावून लिहीत बसलाय. कानावर टेकणाऱ्या दांड्या थेट अठराव्या शतकात आल्या. म्हणजे १८१५ चा, नेपोलियनच्या काळातला, लष्करी सर्जन किंवा कारकून झालात तर तारेच्या फ्रेमचा छोटा गोल चष्मा बिनधास्त लावा, कोणी हूं की चूं करणार नाही. जाता जाता, त्या काळच्या सैनिकी बुटांना डावा-उजवा नसायचा, दोन्ही सरळ, घालून घालून पायाचा आकार घ्यायचे. पहिला आठवडा नरक.

आगलाव्या
एवढं कशाला, विकिंग व्हा की. डोक्यावर दोन शिंगं लावली की चष्म्याकडे कोण बघतंय.

कालखंड_पोलीस
कृपया नको. दर धाग्यात हेच. विकिंगांच्या हेल्मेटला शिंगं नव्हती नव्हती नव्हती. ती १८७६ मध्ये वाग्नरच्या ऑपेराच्या कपडेपटातून डोक्यात बसली लोकांच्या.

आगलाव्या
मग डेन्मार्कला वेक्सोमध्ये १९४२ साली सापडली ती काय आहेत? चांगली वळणदार शिंगं आहेत.

कालखंड_पोलीस
ती कांस्ययुगातली आहेत!! इसवी सनापूर्वी ९०० च्या सुमाराची. विकिंगांच्या आधी सतराशे वर्षं! खरं विकिंग हेल्मेट बघायचं तर नॉर्वेचं येर्मुनबूचं बघा, १९४३ मध्ये सापडलं, शिंगं नाहीत.

आगलाव्या
त्याच्या पुढे डोळ्यांभोवती लोखंडी चष्माच आहे की हो. ढापण्या, तुमचं हेल्मेट सापडलं.

संपादक
शिंगांसाठी वेगळा धागा काढा. इथे सल्ला द्या. शिंगांवरचे पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

सुईदोरा
कोणीच प्रश्नाचं उत्तर देत नाहीये म्हणून लिहिते. कपड्यांपासून सुरुवात करा आणि रोमन हा शिवायला सगळ्यात सोपा काळ आहे. त्यांचा ट्युनिक (अंगरखा) म्हणजे लोकरीचे दोन आयत, खांद्यावर आणि बाजूंना शिवायचे, गळ्याला आणि हातांना फट सोडायची, झालं. कापणं जवळपास नाहीच. रुंद ठेवा, अंगावर चिंधीसारखा दिसेल पण पट्टा बांधून गुडघ्यापर्यंत वर ओढला की बरोबर दिसतो. पट्टा विसरू नका, सम्राट ऑगस्टस चुकलेल्या सेंच्युरियनना (सैन्यातल्या अधिकाऱ्यांना) पट्ट्याशिवाय नुसत्या ट्युनिकवर दिवसभर सेनापतीच्या तंबूपुढे उभं करायचा, पट्टा नसणं ही नामुष्की होती.

कापड शुद्ध लोकर घ्या, पॉलिस्टर मिसळलेलं नको. हे दिसण्यासाठी सांगत नाहीये. शेकोटीची ठिणगी लोकरीवर पडली तर जागच्या जागी काळा ठिपका पडून विझते, पॉलिस्टरवर पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. माझ्या मनगटावर वालाएवढा डाग आहे, पहिल्या वर्षाची आठवण. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, कडेचे दोन धागे ओढून घरी चिमट्यात धरून जाळून बघा, जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांनी चुरली गेली तर लोकर, कडक मणी झाला तर भेसळ.

कालखंड_पोलीस
ट्युनिक लाल की न रंगवलेला? त्यावर बोला आधी.

सुईदोरा
तुम्ही बोला, मी शिवते.

लोखंडी_चणे
लालच. आणि त्यावर चिलखत हवंच, नाहीतर नुसत्या ट्युनिकवर माणूस नाइटगाऊनमध्ये बाहेर आल्यासारखा दिसतो. लोखंडी पट्ट्यापट्ट्यांचं घेणार असाल तर निदान १९६४ ला इंग्लंडमध्ये कॉर्ब्रिजला पेटीत सापडलेल्या नमुन्यावरून बनवलेलं घ्या. माझ्याकडे तेही आहे.

खिळखिळा
बुटांबद्दल कोणी बोलेल म्हणून वाट बघत होतो. रोमन कॅलिगेच्या (सैनिकी चपलांच्या) तळाला लोखंडी खिळे असतात, गवतावर आणि मातीवर झकास पकड, पण तुम्ही लिहिलंय दुकानं हॉलमध्ये आहेत. हॉल म्हणजे गुळगुळीत फरशी. मी अशाच एका हॉलमध्ये ढाल घेऊन शिरलो आणि तिसऱ्या पावलाला दोन्ही पाय पुढे, मी मागे, ढाल एका पुस्तकाच्या टेबलाखाली. आवाज एवढा झाला की वर व्याख्यान चाललं होतं ते थांबलं. नंतर कळलं की आपण एकटे नाही, त्या काळच्या जोसेफस या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की इ.स. ७० मध्ये जेरुसलेमच्या वेढ्यात ज्युलियानस नावाचा सेंच्युरियन मंदिराच्या फरशीवर शत्रूचा पाठलाग करताना खिळ्यांमुळेच घसरून पडला आणि तिथेच मारला गेला. आपल्याला निदान कोणी मारत नाही, फोटो काढतात. तर हॉलसाठी साध्या तळाच्या चामडी चपला वेगळ्या ठेवा. आणि कॅलिगे घालून आधी दोन आठवडे घराबाहेर रोज चाला, नाहीतर अंगठ्याजवळ फोड हमखास. घरात नको, फरशीवर चरे पडतात.

भटकभवानी
बूट आधी घालून बघा हेच मी सांगणार होते. आणि तंबूचा विचार करा.

वाचनमात्र
वाचनखूण साठवली. मीही पुढच्या वर्षी जाणार आहे. तलवार घेऊन फिरायची परवानगी असते का?

खिळखिळा
आयोजकांचे नियम वाचा, जागोजागी वेगळे असतात. बहुतेक ठिकाणी म्यानात ठेवून मूठ दोरीने बांधायला लावतात. बंदुकीच्या दारूचे नियम तर फारच कडक, त्यात नवख्याने पडूच नये. आणि मनाची तयारी ठेवा, दिवसातून चाळीस वेळा "ही खरी आहे का" आणि "आत उकडत नाही का" हे दोन प्रश्न येणार. उकडतं.

सुईदोरा
पहिल्याच वर्षी शस्त्र घेऊ नका, कोणीही उसनं देतं. हेल्मेट तर अजिबातच नको. डोक्याचं माप चुकतं, आतली गादी जमत नाही, सगळ्यात महाग वस्तू आणि सगळ्यात कमी वेळ डोक्यावर राहते, तीन दिवसांतला अडीच दिवस काखेत धरून फिरता.

लोखंडी_चणे
हेल्मेट आधी नको याला माझंही अनुमोदन. आधी चिलखत.

जुनं_खोड
हेल्मेट नको. १८१५ चा कारकून व्हा.

ढापण्या
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सुईदोरा ताई आणि खिळखिळा. लोकर आणली, धागे जाळून बघितले, जळक्या केसांचा वास घरभर आला. दोन आयत शिवून झालेत, न रंगवलेले, कारण रंगाचे पैसे नाहीत. पट्टा मित्राचा. कॅलिगे यंदा नाहीत, साध्या चपला.

आता शिव्या घाला. ग्रुपमधला एक जण छंद सोडतोय, त्याने रोमन हेल्मेट विकायला काढलं, मी फक्त बघायला म्हणून गेलो होतो. डोक्यावर घातलं आणि आरशात बघितलं. सायकल संपली.

माप बसतंय, गादी थोडी जाड करावी लागली. एकच अडचण, गालपट्ट्या खाली बांधल्या की चष्म्याच्या दांड्या कानशिलात रुततात, पाच मिनिटांत डोकं ठणकायला लागतं. म्हणून जुन्या चष्म्याच्या दांड्या काढल्या आणि दोन्ही बाजूंना दोरा ओवून डोक्यामागे गाठ मारली, वरून हेल्मेट. नीट दिसतं. पायऱ्याही उतरून बघितल्या.

सुईदोरा
सांगितलं होतं. बरं, शिवण आतून उलटी दुमडून घ्या, नाहीतर लोकरीच्या कडा उसवतील. आणि फोटो टाका.

कालखंड_पोलीस
प्रतिसाद काढून टाकला आहे.

आगलाव्या
अरे ठेवायचं ना, पोलीस! दोऱ्याच्या चष्म्यावर काय लिहिलं होतं ते वाचायचं राहिलं.

लोखंडी_चणे
गालपट्ट्यांच्या बिजागऱ्या पितळी आहेत की लोखंडी? विकायचं झालं तर आधी मला कळवा.