राग ओळखायचा तर आधी व्याख्या की आधी कान?

शुद्धमध्यम:
शास्त्रीय संगीताच्या 'मध्यमा' परीक्षेची तयारी करणारी मुलं रागाच्या व्याख्येतले थाट, जाती, वादी (रागाचा सर्वांत महत्त्वाचा स्वर), संवादी, गानसमय घडाघडा म्हणून दाखवतात. परीक्षकांनी स्वरसमूह गाऊन राग विचारला की मात्र गप्प. माझं स्पष्ट मत आहे, आधी भरपूर ऐकवा, पारिभाषिक शब्द नंतर सांगा. भूप आणि देशकार घ्या. स्वर तेच, सा रे ग प ध. भूपाचा वादी गंधार (ग), देशकाराचा धैवत (ध), हे सगळ्यांना पाठ असतं. पण भूप गंधारावर कसा विसावतो आणि देशकार उत्तरांगात (सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात) धैवताभोवती कसा खेळतो, हे कानावरून गेलेलंच नसेल तर त्या पाठांतराचा उपयोग काय?

तारषड्ज:
अजिबात पटलं नाही. काय ऐकायचं हेच ठाऊक नसेल तर नुसतं ऐकून सगळं सारखंच वाटतं. मारवा, पूरिया, सोहनी बघा: तिन्हींत ऋषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) वर्ज्य. शब्द हाताशी असले की नेमकं शोधता येतं. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत ठळक असतील तर मारवा. गंधार-निषाद (ग-नी) ठळक, आणि मंद्रात (खालच्या सप्तकात) वावर असेल तर पूरिया. सगळं तार षड्जाकडे (वरच्या सा-कडे) ओढ घेत असेल तर सोहनी. शिवाय लेखी पेपर असतोच, तिथे व्याख्याच लिहावी लागते.

आलापी:
शोधत बसायला तोंडी परीक्षेत वेळ कुठे मिळतो? पकड (रागाची ओळख पटवणारा छोटा स्वरसमूह) ऐकताक्षणी नाव ओठांवर यायला हवं. शुद्धमध्यम यांच्याशी सहमत.

ठेका:
तालाचं बोलू या. एकताल आणि चौताल, दोन्हींत 12 मात्रा, 6 विभाग, टाळ्या आणि काल (टाळी न देता हात बाजूला करून दाखवायची जागा) अगदी त्याच जागी. कागदावर फरक दिसतच नाही. तो 'धिं धिं धागे तिरकिट' आणि 'धा धा दिं ता' ऐकूनच कळतो. पण रूपकात उलटं होतं. 7 मात्रा, आणि समेवरच (पहिल्याच मात्रेवर) काल. हे आधी सांगितलं नाही तर नवखा विद्यार्थी चौथ्या मात्रेवरच्या पहिल्या टाळीला सम समजून बसतो.

शुद्धमध्यम:
रूपकाचं मान्य, तिथे आधी सांगावंच लागेल. रागांच्या बाबतीत मी माझ्या मतावर ठाम आहे. तारषड्ज, तुम्ही सांगितलेली 'तार षड्जाकडची ओढ' कोणत्याही व्याख्येत नाही. ती तुम्हाला सोहनी ऐकूनच सापडली असणार.

तारषड्ज:
ऐकूनच सापडली, खरं आहे. पण सोहनी उत्तरांगप्रधान आहे हे गुरुजींनी आधी सांगितलं होतं, म्हणून तर माझं लक्ष वरच्या स्वरांकडे गेलं.