रात्रपाळीत डॉक्टरांना फोन करताना आणि ओव्हर देताना नेमकं काय सांगायचं?

प्रश्न – नवीन स्टाफ नर्स (जीएनएम), नागपूर

३० खाटांचा मेल मेडिसिन वॉर्ड. रात्री ८ ते सकाळी ८ आम्ही दोघी स्टाफ नर्स आणि एक मावशी. ऑन-कॉल डॉक्टर एकच, तेच कॅज्युअल्टीही बघतात. पेशंटचं काही बिघडलं की फोन लावते, पण "बीपी कमी झालंय सर" यापुढे काय बोलायचं ते सुचत नाही. ते "बघतो" म्हणतात आणि फोन ठेवतात. सकाळच्या ओव्हरमध्येही (पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंट सोपवताना) महत्त्वाच्या गोष्टी सुटतात आणि दुपारी कळतात. शिवाय मावशींना काय सांगायचं, काय नाही, यावरून वाद होतो. नेमकी पद्धत सांगा.

उत्तर १ – इनचार्ज सिस्टर, मेडिसिन

फोन लावायच्या आधीच निम्मं काम होतं. केस पेपर, औषधांचा चार्ट आणि टीपीआर (ताप, नाडी, श्वासाचा तक्ता) समोर उघडा. नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, ताप स्वतः परत मोजा, श्वास पूर्ण १ मिनिट मोजा. मधुमेही असेल किंवा गुंगीत असेल तर ग्लुकोमीटरवर शुगर बघा. आधीचं रीडिंगही हवं, कारण डॉक्टरांना आकड्यापेक्षा बदल जास्त सांगून जातो.

बोलण्याचा क्रम एसबारचा (SBAR, माहिती देण्याची चार पायऱ्यांची पद्धत): आत्ता काय झालंय, मागची थोडक्यात माहिती, तुम्हाला काय वाटतं, काय हवंय. समजा १४ नंबरचा पेशंट आहे:

"सर, मेल मेडिसिनमधून स्टाफ नर्स बोलतेय. १४ नंबर, वय ६२, श्वास वाढलाय आणि बीपी पडलंय. न्यूमोनियाचा पेशंट, आज दुसरा दिवस, वजन ६०. रात्री ११ ला बीपी ११८/७४, नाडी ९६, श्वास २०, ऑक्सिजन ९५ होतं. आता बीपी ९२/५८, नाडी ११८, श्वास २८, ऑक्सिजन ९०, ताप ३८.६ सेल्सिअस. चार तासांत लघवी ६० मिली. मला सेप्सिस (संसर्गामुळे शरीरभर होणारा बिघाड) वाढतोय असं वाटतं. डोकं वर केलंय, नाकातल्या प्राँगने ४ लिटर ऑक्सिजन लावलाय. तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोवर फ्लुइड चालू करू का, आणि कुठले नमुने काढून ठेवू?"

हे बोलायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. सगळ्यात जास्त गळतं ते शेवटचं वाक्य. मागणीच नसेल तर समोरच्याला ती फक्त माहिती वाटते आणि "बघतो" हेच उत्तर येतं. "तुम्हाला काय वाटतं" हेही नव्या मुली टाळतात, निदान करायचा आपला अधिकार नाही म्हणून. निदान करायचंच नाही. "कारण कळत नाही, पण तासाभरात पेशंट खालावलाय" हेसुद्धा पूर्ण वाक्य आहे.

पेशंटचे शब्द मात्र जसेच्या तसे सांगा. आपल्याकडे पेशंट "जीव घाबरून राहिला" म्हणतो. त्याचं "एन्झायटी" करून सांगितलं की झोपेची गोळी लिहून येते. प्रत्यक्षात शुगर उतरलेली असू शकते, किंवा हार्ट अटॅक.

उत्तर २ – मेडिसिन रेसिडेंट

फोनच्या दुसऱ्या बाजूने सांगतो. पहिल्या वाक्यात वॉर्ड, बेड नंबर आणि "आत्ता या" की "सल्ला हवाय" एवढं कळलं तर हातातलं काम सोडायचं की नाही ते ठरवता येतं. न्यूज-२ स्कोअर (श्वास, बीपी, नाडी वगैरेंना गुण देऊन पेशंट किती गंभीर ते दाखवणारा आकडा) सांगितला तर आणखी सोपं. वरच्या पेशंटचा ऑक्सिजन लावायच्या आधीचा स्कोअर काढा: श्वास २८ चे ३, ऑक्सिजन ९० चे ३, बीपी ९२ चे २, नाडी ११८ चे २, ताप ३८.६ चा १, म्हणजे ११. रात्री ११ ला ताप ३८.२ धरला तर स्कोअर ३ होता. ५ ला तातडीने बघायचं असतं, ७ ला इमर्जन्सी. ११ ऐकल्यावर कोणी फोन ठेवू शकत नाही.

तोंडी ऑर्डर दिली की ती लिहून घ्या आणि मला परत वाचून दाखवा: पेशंट, औषध, डोस, मार्ग, वेळ. मी "बरोबर" म्हणेपर्यंत औषध भरू नका. आकडे एकेक अंक करून म्हणा, "एक-पाच", "पाच-शून्य". फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात. आणि दीड, अडीच, सव्वा हे फोनवर नकोच. आपल्या वॉर्डात हिंदी बोलणारे आणि मल्याळी सहकारीही असतात. "अडीच एमजी"पेक्षा "दोन पॉइंट पाच" सुरक्षित. लिहिताना "युनिट" पूर्ण लिहा, नुसतं इंग्रजी अक्षर यू हे शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात.

उत्तर ३ – नर्सिंग ट्यूटर

ओव्हर टेबलाशी बसून देऊ नका, बेडजवळ द्या. देणारी आणि घेणारी दोघींनी चार गोष्टी डोळ्यांनी बघायच्या: हातातली सुईची जागा, चालू असलेली सलाइन आणि तिचा वेग, युरिन बॅग, ऑक्सिजनचा फ्लो. नातेवाईक "लवकर संपू दे" म्हणून सलाइनचा रोलर फिरवतात, ते टेबलावर कधीच कळत नाही. सगळ्या ३० पेशंटना सारखा वेळ देण्यातही अर्थ नाही. जे पाच-सहा अस्थिर आहेत ते आधी, सविस्तर. बाकीचे एकेका वाक्यात. दुपारी कळणाऱ्या बहुतेक गोष्टी "बाकी आहे" या प्रकारातल्या असतात: रिपोर्ट यायचाय, रक्त क्रॉसमॅचला (जुळवून बघायला) गेलंय, सकाळचा डोस थांबवलाय. त्यांची वेगळी यादी करा आणि घेणाऱ्या सिस्टरकडून ती परत म्हणवून घ्या.

इन्सुलिन दोघींनी मिळून तपासा. ४० युनिट प्रति मिलीची व्हायल असेल तर लाल टोपीची सिरिंज, १०० युनिट प्रति मिलीची असेल तर केशरी. १०० ची व्हायल लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरली तर २५ युनिट जातात. उलट केलं तर ४ च. दुसरीने आपलं आपण वाचून आकडा सांगायचा. "१० आहे ना?" असं विचारलं की समोरून "हो"च येतं. पोटॅशियम क्लोराइडलाही हाच नियम; १० मिलीच्या १५ टक्के अँप्यूलमध्ये सुमारे २० मिलिइक्विव्हॅलंट असतं आणि ते कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही.

मावशींबद्दल. कूस बदलणं, बेडपॅन, वजन, नमुने पोचवणं हे त्यांचं काम. सलाइनचा वेग, ऑक्सिजनचा फ्लो, राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) फीड, औषध हे आपलं, कितीही घाई असली तरी. वाद होतो तो बहुधा अर्धवट सांगण्यामुळे. "१४ नंबरकडे लक्ष द्या" हे काम नाही. "१४ नंबरला लघवी झाली की भांडं ओतू नका, मला दाखवा" हे काम आहे. भांडं ओतलं की त्या रात्रीचा आउटपुट चार्ट खोटा ठरतो. त्यात मावशींची चूक नसते.

प्रश्नकर्ती

खूप उपयोग झाला. एवढं सगळं सांगूनही डॉक्टर आले नाहीत तर? आणि उन्हाळ्यात उष्माघाताचा पेशंट वॉर्डात आला तर दोघीच काय काय करणार?

उत्तर ४ – आयसीयू ब्रदर

न येण्याचं कारण बहुतेक वेळा कॅज्युअल्टीत अडकणं असतं, म्हणून आधी "किती मिनिटांत येता?" विचारा आणि उत्तर वेळेसह नोट्समध्ये लिहा. ती वेळ टळली की दुसरा फोन, शब्द स्पष्ट: "सर, मला काळजी वाटतेय, हा पेशंट सुरक्षित नाही." त्यानंतर थेट सीनियर रेसिडेंट किंवा युनिटचे कन्सल्टंट, आणि त्याच वेळी नाईट सुपरवायझर. ही तक्रार नव्हे. पण वरचे नंबर आणि क्रम आधीच ठरवून फोनजवळ चिकटवलेले हवेत. रात्री ३ वाजता कोणाला उठवायचं हा निर्णय एकट्या नव्या सिस्टरवर टाकणं चूक आहे. पेशंट प्रतिसाद देत नसेल किंवा श्वास थांबत असेल तर ही साखळी नाही, सरळ कोड ब्लू (जीव वाचवणाऱ्या टीमला तातडीची हाक).

उष्माघातात कामं नावानिशी वाटा, "कोणीतरी बर्फ आणा" म्हटलं की कोणीच जात नाही. एकीने शीर धरायची, शुगर बघायची, डॉक्टरांना बोलवायचं. दुसरीने कपडे काढून अंग ओलं करायचं, पंखा लावायचा आणि काख, मान, जांघेत बर्फाच्या पिशव्या कापडात गुंडाळून ठेवायच्या. मावशींनी बर्फ आणि पाणी पुरवत राहायचं. ताप गुदद्वारातून मोजा. काखेतला आकडा कमी येतो आणि ओल्या अंगावर तर फसवाच असतो. ४० च्या वर ताप आणि बरळणं किंवा बेशुद्धी असेल तर थांबायला वेळ नाही. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, त्यात मिनिटं घालवू नका.

थर्मामीटर मात्र दोघींपैकी एकीच्याच ताब्यात राहू द्या. तिने दर ५ मिनिटांनी आकडा मोठ्याने सांगायचा, लिहायचा, आणि ३९ च्या आसपास आला की "थांबवा" म्हणायचं. हे कोणाकडेच नसेल तर कूलिंग चालूच राहतं आणि ताप गरजेपेक्षा खाली जाऊन पेशंट कापायला लागतो.