कुकर, आणि उरलेले आठ शनिवार

प्रेषक: सांगलीकर
रविवार, १ जून २०२५

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आले. इथल्या मराठी मंडळाचा पाडवा चार दिवसांनी हुकला, त्यामुळे मला इथं कुणी पाहिलेलं नाही. मूळची सांगलीची, इंजिनिअरिंग पुण्यात, सध्या एका सेमिस्टरसाठी जर्मनीत, कार्ल्सरूहेत. जुलैअखेर परीक्षा आटोपली की परत.

दोन कामं आहेत. पहिलं म्हणजे कुणाकडे जास्तीचा कुकर आहे का? आईनं दिलेला तीन लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर मी दोन स्वेटर काढून ठेवून बॅगेत बसवला, आणि इथं हॉस्टेलच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात निघालं इंडक्शन. शेगडी त्याला ओळखच देत नाही. पीप पीप करते आणि गप्प होते. सध्या त्या कुकरमध्ये मी तांदूळ ठेवते.

दुसरं, सल्ला हवाय. शनिवार मोजले तर आठ उरलेत. फ्रायबुर्ग आणि ट्युबिंगेन झालं. मला चर्चचे मनोरे बघायचं वेड लागलंय. फ्रायबुर्गचा ११६ मीटर. आता स्ट्रासबुर्ग आणि उल्म करायचंय. उल्म आणि हायडेलबर्ग एकाच दिवसात उरकेल का? डॉइचलांडटिकिट (महिन्याचा रेल्वे पास) आहे, म्हणजे लांबच्या वेगवान गाड्या नाहीत, साध्या गाड्यांनीच जायचं.

आज रविवार, म्हणून एवढं लांबड लावतेय. इथल्या पहिल्या रविवारी घरात ना दूध ना पाव, आणि गावात एक दुकान उघडं असेल तर शपथ. भडंगावर दिवस काढला. सांगलीतसुद्धा मी एका दिवसात एवढं भडंग कधी खाल्लं नव्हतं.


प्रेषक: डुर्लाखच्या काकू
रविवार, १ जून २०२५

अगं, कुकर माझ्याकडे आहे. स्टीलचा, पाच लिटरचा, जाड बुडाचा, इंडक्शनवर चालतो. मुलगा बर्लिनला गेल्यापासून आम्ही दोघंच, पाच लिटरचं काय करणार? घेऊन जा. मार्क्टप्लाट्झवरून १ नंबरची ट्राम, पंधरा-वीस मिनिटं. जेवायलाच ये.

रविवारचं म्हणशील तर मुख्य स्टेशनातली दुकानं उघडी असतात, दूध-पाव तिथं मिळतं. आणि काचेच्या बाटल्या रविवारी त्या मोठ्या डब्यात टाकू नकोस हो. आम्ही नवीन असताना ह्यांनी लोणच्याच्या चार बरण्या टाकल्या. पहिली बरणी खळ्ळकन फुटली तशी समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. कुणी एक शब्द बोललं नाही. नुसतं बघत राहिले. ह्यांनी उरलेल्या तीन घरी परत आणल्या.


प्रेषक: मिरजकर काका
सोमवार, २ जून २०२५

उल्म आणि हायडेलबर्ग एका दिवसात? नकाशा उघड. एक पूर्वेला, एक उत्तरेला. साध्या गाडीनं उल्मला जाऊन यायलाच पाच तास जातात. दिवसभर खिडकीतून मक्याची शेतं बघायची असतील तर खुशाल जा.

आता तिकिटाचं. मे २०२३ मध्ये सुरू झालं तेव्हा ४९ युरो होतं, जानेवारी २०२५ पासून ५८ झालं. पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे. ते दर महिन्याला आपोआप पुढं चालू राहतं. बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. जुलैअखेर जाणार आहेस, तर १० जुलैच्या आत रद्द कर. दर वर्षी दोन-तीन विद्यार्थी पुण्यात पोहोचून ऑगस्टचे पैसे भरतात आणि मग मला फोन करतात.

आणखी एक. इथं काही गाड्या वाटेत दोन होतात. पुढचे डबे एकीकडे, मागचे दुसरीकडे. डब्यावरची पाटी वाचल्याशिवाय बसायचं नाही. आपल्याकडे लिंक एक्सप्रेस असते तसंच. मी मिरजेचा आहे. ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही एका स्टेशनात बघत वाढलो. सांगलीकरांना हे समजायला वेळ लागेल.


प्रेषक: स्टुटगार्टचा दादा
सोमवार, २ जून २०२५

काका, सांगली-मिरज इथं पण?

उल्मला जाताना स्टुटगार्टला गाडी बदलावी लागेल. बदलायला कमीत कमी पंधरा मिनिटं धर. २०१० पासून आमचं स्टेशन खणून ठेवलंय, फलाटापासून बाहेर पडेपर्यंत एक मुक्काम होतो. २०१९ ला तयार होणार होतं. अजून तयार होतंच आहे. मी मूळचा पुण्याचा, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटतं.

हायडेलबर्गला किल्ला आणि ते दोन लाख लिटरचं पिंप सगळेच बघतात, तूही बघशील. पण तिथं साउथ एशिया इन्स्टिट्यूट आहे, तिथं गुंथर सोन्थायमर शिकवायचे. धनगरांबरोबर रानात फिरलेला माणूस. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्यावर आयुष्य घातलं. १९९२ साली गेले. बघण्यासारखं तिथं काही नाही, पण नेकार नदीच्या पुलावर उभी राहिलीस की आठवण असू दे.


प्रेषक: सांगलीकर
रविवार, २२ जून २०२५

तीन शनिवारांचा हिशेब देते.

हायडेलबर्ग झालं. किल्ला पाहिला, पिंप पाहिलं, पण दादा, पुलावर उभं राहून आजीला फोन केला. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. आजीला म्हटलं, इथल्या एका जर्मन प्रोफेसरांनी खंडोबाचा अभ्यास केला होता. तिनं विचारलं, “जेजुरीला जाऊन आले होते का?” म्हटलं, कितीतरी वेळा. “मग झालं,” म्हणाली. तिच्या लेखी विषय तिथं संपला.

उल्मचा मनोरा १६१ मीटर आहे. फोनच्या चौकटीत मावत नाही. मागं मागं सरकत मी एका भाजीवाल्याच्या टोपलीवर आदळले, शनिवारचा बाजार चौकातच भरतो. पण मला आवडली ती चिमणी. गावभर तिचे पुतळे आहेत. गोष्ट अशी सांगतात की चर्च बांधताना एक लांब तुळई गावाच्या वेशीतून आत जाईना. लोक ती आडवी धरून झुंजत होते, वेसच पाडायला निघाले होते. तेवढ्यात एक चिमणी चोचीत काडी घेऊन आली आणि घरट्याच्या फटीत तिनं ती टोकाकडून आत सरकवली. तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. एवढा मनोरा बांधणारं गाव स्वतःवरचाच हा विनोद चौकाचौकात मांडून बसलंय, हे मला भारी वाटलं.

स्ट्रासबुर्गसाठी सीमेवरच्या केल गावापर्यंत आपलं तिकीट चालतं. पुढं ट्राम, तिचं तिकीट वेगळं. २०१७ पासून ही ट्राम ऱ्हाइन ओलांडून सरळ फ्रान्समध्ये जाते. केलच्या स्टॉपवर सिगारेटची दुकानंच दुकानं, कारण पलीकडं महाग. परतताना पोलीस चढले. पासपोर्ट जवळ होता म्हणून बरं. नवीन पोरांनी हे लक्षात ठेवावं, ट्रामनं का असेना, पण दुसऱ्या देशात जाताय.

कॅथेड्रलला एकच मनोरा आहे. दुसरा बांधायचा राहूनच गेला. तरी १४२ मीटरच्या त्या एका मनोऱ्यावर ते १६४७ पासून १८७४ पर्यंत जगातलं सगळ्यात उंच बांधकाम होतं. आतल्या खगोल-घड्याळातले प्रेषित दुपारी साडेबाराला येशूसमोरून जातात. मी बारा पस्तीसला पोहोचले. केलला दहा मिनिटं गेली, एका बाईला तिकिटाच्या मशीनवर मदत करत होते. (मदत कसली, मलाही येत नव्हतं.)

काकू, कुकरसाठी पुढच्या आठवड्यात नक्की येते. सध्या भात पातेल्यात करते. मजल्यावर आम्ही बाराजण आणि शेगड्या चार, त्यामुळे डाळ शिजेपर्यंत स्पेनवाल्याचं जेवण होऊन भांडी धुऊन होतात. त्याच्या बिअरच्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये परत करायचं काम मी घेतलंय, एकेका बाटलीचे आठ सेंट माझे. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीला पंचवीस मिळतात, पण तो पाणी पीतच नाही.


प्रेषक: सांगलीकर
रविवार, २९ जून २०२५

मिरजकर काका, हसू नका.

काल फ्रायबुर्गवरून ब्लॅक फॉरेस्टात श्लुख्झे तलावाला निघाले. खोलीत पंखा नाही, उकाडा असा की सांगलीचा मे बरा. म्हटलं, तळ्यात पाय सोडून बसावं. गाडी टिटिझेला थांबली, खालून गचका बसला, मी खिडकीतून फोटो काढत राहिले. मग गाडी निघाली. तळं कुठलं दिसेना. नॉयश्टाट नावाचं स्टेशन आलं. माझी अर्धी गाडी फिलिंगेनला निघाली होती आणि तळ्याकडं जाणारी अर्धी गाडी माझ्या पाठीमागं केव्हाच सुटून गेली होती.

उतरले. परतीच्या गाडीला बराच वेळ. फलाटावर मी आणि एक आजी, काठी घेऊन बाकावर बसलेल्या. माझं जर्मन बेकरीपुरतं. त्यांनी विचारलं, कुठं जायचंय? मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, दोन्ही हात जोडून दाखवले आणि मग हळूच अलग केले. गाडी तुटली, असं. मग खो खो हसल्या. मी पिशवीतला भडंगाचा डबा काढला. आजींनी एक दाणा तोंडात टाकला, लसणाचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पुन्हा हात पुढं केला. डबा निम्मा त्यांनीच संपवला. गाडी आली तेव्हा त्या फलाटावरून माझ्याबरोबर चालत आल्या, डब्यावरच्या पाटीवर काठी टेकवून दाखवली, आणि मी बसेपर्यंत थांबल्या.

श्लुख्झेला पोहोचले तेव्हा पाच वाजले होते. पाणी थंडगार. पाऊण तास बसले आणि निघाले.


प्रेषक: मिरजकर काका
रविवार, २९ जून २०२५

हसलो नाही. (काकू हसल्या, मी ऐकलं.)

पाटी वाच म्हणून दोन जूनलाच लिहिलं होतं. असो. टिटिझेनंतर बेरेंटाल नावाचं स्टेशन लागलं असेल, ते बघितलंस का? ९६७ मीटर उंचीवर आहे. इथल्या रेल्वेचं ब्रॉडगेज नव्हे, स्टँडर्ड गेजवरचं सगळ्यात उंच स्टेशन. तेही खिडकीतून फोटो काढताना निसटलं असेल.


प्रेषक: डुर्लाखच्या काकू
सोमवार, ३० जून २०२५

काय गं, फ्रान्सला जाऊन आलीस, डोंगरात चुकून आलीस, आणि डुर्लाख येईना होय? कुकर एक तारखेपासून धुऊन दारातल्या स्टुलावर ठेवलाय. हे येता-जाता त्यावर टोपी ठेवतात.

मनोऱ्यांचं वेड आहे तर ऐक. तुझं कार्ल्सरूहे काल-परवाचं, १७१५ सालचं. त्याआधी मार्कग्राफची, म्हणजे इथल्या संस्थानिकाची, गादी इथं डुर्लाखला होती. इथून उठून त्यानं जंगलात नवा वाडा बांधला आणि त्याभोवती पंख्याच्या काड्यांसारखे रस्ते आखले. आमच्या मागं टुर्मबर्गची टेकडी आहे, वर पडका बुरूज. वर न्यायची जुनी दोरगाडी १८८८ ची, पण ती गेल्या डिसेंबरात बंद झाली, नवीन करणार आहेत. तोवर पायऱ्या, ५२८. मी गुडघ्यांमुळे येणार नाही, हे येतील, वाटेत तीनदा थांबून तुला इतिहास सांगतील.

येत्या रविवारी आषाढी एकादशी. साबुदाणा खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. अकरापर्यंत ये. साबुदाणा शनिवारी रात्री भिजवते, म्हणजे मला आकडा हवा. दादा, तू येणार आहेस का? मिरजकर भाऊजी, तुम्ही तर याच.


प्रेषक: स्टुटगार्टचा दादा
सोमवार, ३० जून २०२५

येतो. मी आणि बायको. खिचडीत बटाटा तळलेला की उकडलेला, यावर आमच्या घरी मतभेद आहेत, ते तिथं सोडवू.


प्रेषक: सांगलीकर
रविवार, ६ जुलै २०२५, रात्री ९.२०

काकू, पोहोचले. ५२८ पायऱ्या मी मोजल्या, ५३१ भरल्या. डुर्लाखचे काका म्हणतात ५२८ च. वरून खाली ऱ्हाइनचं अख्खं मैदान दिसत होतं. काका मला माझं हॉस्टेल दाखवत होते आणि दादाची बायको म्हणत होती, ते हॉस्टेल नाही, पेट्रोल पंप आहे. तिकीटही रद्द केलं. मिरजकर काकांनी समोर बसवून करून घेतलं.

ट्राममध्ये कुकर मांडीवर घेऊन बसले होते. समोरच्या माणसानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, पातेलं. त्यानं शिट्टीकडं बोट दाखवलं, मग मी पुढं काही सांगायच्या भानगडीत पडले नाही.

आता एक अडचण आहे. उद्यासाठी नाही, आत्ताच, उपवासाचे बटाटे उकडायला लावलेत. स्पेनवाला आणि त्याच्या दोन मैत्रिणी टेबलाशी बसून कुकरकडं टक लावून बघतायत. रविवारी शिट्टी चालते का?


प्रेषक: डुर्लाखच्या काकू
रविवार, ६ जुलै २०२५, रात्री ९.२६

दहाच्या आत दोन होऊ देत. तिसरी नको. खिडकी लाव.